ग्रीन लेन्सवरचं नवीन तुर्की हॉटेल : कबाब उत्तम, पण पावाचे पैसे?

लॅडरवरची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दीड महिन्यापूर्वी नवीन तुर्की हॉटेल उघडलं. आत्तापर्यंत तीनदा जाऊन आले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रारी मांडायच्या आहेत आणि हॉटेल अजून बाळसं धरतंय. हॅरिंगेत राहणाऱ्यांना कुठलं ते कळेलच. त्यांनीही नाव न घेता लिहावं ही विनंती.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. उत्तर लंडनमध्ये फिन्सबरी पार्कच्या कोपऱ्यापासून टर्नपाइक लेनकडे जाताना ग्रीन लेन्सच्या दोन्ही बाजूंना तुर्की, कुर्दी आणि सायप्रसच्या लोकांची दुकानं लागतात. भाजीवाले, बेकऱ्या, बकलाव्याची दुकानं, सोनार, न्हावी, आणि मधेमधे कबाबवाले. रस्त्याच्या पश्चिमेला शिडीच्या पायऱ्यांसारख्या समांतर गल्ल्या आहेत, म्हणून त्या वस्तीला लॅडर म्हणतात. आम्ही चौदा वर्षं तिथे राहतोय. रात्री २९ नंबरच्या बसमधून उतरलं की निखाऱ्यावर पडलेल्या चरबीचा वास येतो आणि घर आलं असं वाटतं.

इथल्या कबाबवाल्यांकडे एक रीत आहे. तुम्ही बसता, कोट अजून अंगावरच असतो आणि गरम पावाची टोपली समोर येते. मागोमाग एझ्मे, म्हणजे टोमॅटो-मिरची अगदी बारीक चिरून केलेली आंबट-तिखट कोशिंबीर. मग हिरवं सॅलड. आणि अख्खा भाजून, पाकळ्या सुट्या करून डाळिंबाच्या आटवलेल्या रसात घातलेला कांदा. यातलं काहीही तुम्ही मागवलेलं नसतं आणि बिलातही येत नाही. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा मी वेटरला म्हटलं होतं, हे आमचं नाही, चुकून आलंय. तो म्हणाला, "इक्राम." पुढे कळलं की पाहुण्यापुढे यजमानाने आपणहून ठेवायचं ते इक्राम.

नवीन हॉटेलात मेनूच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय : पाव आणि कांदा, साडेचार पौंड.

आता अन्नाबद्दल. अदाना कबाब असा आहे की या रस्त्यावर मी इतका चांगला खाल्लेला नाही. वरून किंचित करपलेला, आत चरबीचे कण वितळून ओला झालेला, आणि तिखटपणा जिभेवर न चढता घशात उतरणारा. भाजलेल्या वांग्याचं मेझे, म्हणजे सुरुवातीला खायचा छोटा पदार्थ, आलं तेव्हा नवरा म्हणाला, "हे तर भरीत आहे, फक्त कांदा-कोथिंबिरीऐवजी दही आणि लसूण." सूप मात्र तिन्ही वेळा कोमट आणि पातळ होतं. मेर्जिमेक म्हणजे आपली मसूर डाळच. ती मऊ शिजवून घोटायची, वरून लाल मिरचीचं लोणी सोडायचं, लिंबू पिळायचं. बेकरीच्या मागच्या टेबलावरही ते छान मिळतं. शनिवारी तर जेवण यायला पन्नास मिनिटं लागली.

या सगळ्यात मनाला लागलं ते पावाचंच. साडेचार पौंडांनी आमचं काही बिघडत नाही. पण रीत मोडली गेली याचं वाईट वाटलं. तुमचे अनुभव लिहा.

वुडग्रीनकर

पूर्ण सहमत. आम्ही चौघं गेलो, टोपली दोनदा मागवली, नऊ पौंड पावाचे झाले. वर साडेबारा टक्के सेवाशुल्क. त्याच रस्त्यावर जुन्या ठिकाणी इतक्या पैशांत एक माणूस पोटभर जेवतो. कबाब चांगला होता हे मान्य, पण मी परत जाणार नाही.

एन४

मला उलट वाटलं. जुन्या हॉटेलांत आता सगळीकडे तीच चव झालीय. लहान टेबलं, मोठे ताट, भाताचा डोंगर, त्यावर तीन प्रकारचे कबाब. निम्मं डब्यात भरून घरी. इथे पहिल्यांदा कोणीतरी कमी पदार्थ ठेवून नीट करतंय. मेनू एका पानाचा आहे, तेच मला आवडलं.

कोळसा

मी शिकत असताना अडीच वर्षं डॉल्स्टनला एका ओजाकबाशीत काम केलंय. ओजाक म्हणजे चूल. चुलीच्या पुढ्यात बसून खायचं, म्हणून ओजाकबाशी. वर तांब्याचा मोठा धुराडा असतो, खाली लांब शेगडी आणि तिच्या कडेला खुर्च्या. नवीन हॉटेलातही तशीच शेगडी आहे. लॅडरताई, तुम्ही आतल्या टेबलावर बसला असाल, तर पुढच्या वेळी शेगडीसमोरची खुर्ची मागा. काय चाललंय ते दिसेल.

तुम्हाला जो अदाना आवडला तो का आवडला ते सांगतो. ते मांस यंत्रातून काढलेलं नाही, मी मुद्दाम विचारलं. झिर्ह नावाचा चंद्रकोरीसारखा वाकडा, जड सुरा असतो. तो दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे डोलवत कोकराचं मटण आणि शेपटीकडची चरबी कापायची. यंत्रात मांस तापतं, चरबी पातळ होऊन मांसाला माखते आणि सगळ्याचा लगदा होतो. सुऱ्याने कापलं की चरबीचा कण वेगळा राहतो आणि निखाऱ्यावर आतल्या आत वितळतो. तुम्ही लिहिलेला ओलेपणा तिथून येतो. मांसात तिखट लाल मिरची आणि मीठ, बाकी काही नाही. कांदा-लसूण घातला की उस्ता चिडायचा. मुख्य कबाबवाल्याला उस्ता म्हणतात, आपल्या उस्तादाचाच भाऊ. अदाना कबाबला तुर्कस्तानात भौगोलिक मानांकन आहे, आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसं. कशाला अदाना म्हणायचं आणि कशाला नाही, हे त्यात लिहून ठेवलंय.

मग ते मांस रुंद चपट्या सळईवर ओल्या हाताने दाबत न्यायचं. बोटांच्या खुणा राहतात, त्या मुद्दाम ठेवतात. मला पहिले दोन महिने सळईला हात लावू दिला नव्हता. पहिली सळई केली ती निम्मी निखाऱ्यात पडली. निखारे पांढऱ्या राखेने झाकले जाईपर्यंत काहीच चढवायचं नाही, आणि शनिवारी संध्याकाळी तीस लोक वाट बघत असले तरी नाही. पन्नास मिनिटं लागली यात मला हॉटेलचा दोष वाटत नाही. एकाच शेगडीवर एकच उस्ता आहे.

आता पाव. आमच्याकडे टोपली फुकट होती, पण तिची किंमत कबाबात धरलेली असायची. त्यासाठी दिवसभर एक माणूस फक्त पिठाशी असायचा. आणि रात्री मी काय केलंय ते सांगतो. अर्धवट खाल्लेले, नुसते चिवडून ठेवलेले पाव पिशव्या भरभरून टाकले आहेत. आमच्या घरी भाकरीचा तुकडा टाकला तरी आजी दिवसभर बोलायची नाही. तुर्की लोकांतही पाव जमिनीवर पडला तर उचलून ओठांना आणि कपाळाला लावतात. आमचा उस्ता पावाची पिशवी उरलेल्या खरकट्यात कधी मिसळू द्यायचा नाही, वेगळी बांधून ठेवायचा. अशा माणसाला रोज पाव फेकायला लागत होता. म्हणून पैसे लावले तर लोक लागेल तेवढाच मागवतील, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. तुमच्या कबाबाखाली जो पातळ लवाश येतो, तो भाजताना सळईवर दाबून मांसाची चरबी टिपून घेतलेला असतो. त्याचे पैसे कोणी लावत नाही आणि टेबलावरचा सगळ्यात चांगला पाव तोच.

भरलं_वांगं

आम्ही दोघंही शाकाहारी, त्यामुळे आमचं मत वेगळं असणार. मेझे सगळे चांगले. दही-पुदिन्याचा हायदारी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, वांग्याचं ते भरीत. इमाम बायिल्दी मागवलं. वांग्यात कांदा-टोमॅटो-लसूण भरून ऑलिव्हच्या तेलात मुरवलेलं, आणि कोमटच खायचं. भरलं वांगं गरम नको असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते, पण त्या तेलात मुरल्यावर ते खरंच गार होतानाच छान लागतं.

पण मुख्य जेवण काय? भाज्यांची एक सळई. ती मांसाच्याच शेजारी भाजत होते, वरून चरबी उडत होती. भाताबद्दल विचारलं तर वेटरने आत जाऊन येऊन सांगितलं की कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय. त्याने खरं सांगितलं म्हणून आभार, पण मेनूवर तर तसं काहीच लिहिलं नव्हतं. मी न विचारता खाल्लं असतं. हे पावाच्या पैशांपेक्षा मोठं आहे. आमच्यासारख्यांसाठी एक ओळ छापायला काय लागतं?

तिखटजाळ

शाकाहारी मंडळींनी लहमाजून, म्हणजे खिमा लावलेली पातळ रोटी, सोडून पिदे, म्हणजे होडीच्या आकाराचा भरलेला पाव, बघावा. चीज आणि पालकाचा मिळतो, भट्टीत भाजतात, शेगडीवर नाही. मात्र त्यात अंडं घालतात की नाही ते विचारून घ्या.

लॅडरवरची

कोळसा, फार छान लिहिलंत. पिशव्यांचं वाचून मी माझ्या रागाचा पुन्हा विचार केला. तरी एक विचारते. कोल्हापुरात मटणाच्या ताटावर बसलं की तांबडा आणि पांढरा रस्सा वाढतच राहतात. वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरतात. त्याचे पैसे वेगळे लावले तर चालेल का? रश्श्याची किंमत ताटात धरलेलीच असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण वाढणारा माणूस 'अजून घ्या' म्हणतो ना, त्यासाठीच आपण तिथे पुन्हा जातो.

वुडग्रीनकर

अगदी मनातलं बोललात. मिसळीचा रस्साही तसाच.

कोळसा

मिसळीत रस्सा परत मिळतो, पण जादा पावाचे पैसे आपण सगळीकडे देतो. त्याबद्दल कधी कुणी धागा काढलेला मी पाहिला नाही.

वुडग्रीनकर

हे बरोबर आहे. विचार करतो.

सातारा_ते_साउथगेट

गेल्या महिन्यात आई-बाबा आलेत साताऱ्याहून. बाबा शहात्तर वर्षांचे. बाहेरचं खायला नको म्हणतात, तरी नेलं. आईने मटण सोडलंय, पण तो भाजलेला कांदा तिने एकटीने संपवला. घरी येऊन गॅसवर कांदा भाजला, त्यावर चिंचेचा कोळ आणि गूळ घातला आणि म्हणाली, "निम्मं जमलं." डाळिंबाचा रस आणायला दुसऱ्या दिवशी मला तुर्की भाजीवाल्याकडे पिटाळलं. बाटलीवर नार एक्शिसी लिहिलेलं असतं. डाळिंबाचा रस आटवून काळा, दाट, आंबट केलेला. पण काही बाटल्यांत नुसतं डाळिंब असतं, काहींत साखरेचं पाणी. लेबलावर पहिलं नाव साखरेचं असेल ती बाटली घेऊ नका.

जेवण झाल्यावर बाबांनी सवयीने हात वर करून "हिशेब" म्हटलं. वेटरने मान डोलावली आणि बिल घेऊन आला. त्यांच्याकडे बिलाला हेसापच म्हणतात. बाबा इतके खूष झाले की पुढचा अर्धा तास त्या मुलाबरोबर शब्दांची देवाणघेवाण चालली होती. दुकान त्यांचं दुक्कान, साबण त्यांचा साबून, मैदान मेयदान, बदाम बादेम, पनीर पेय्निर, खिमा कियमा. बाबांनी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय. तोफ हा शब्दही तुर्की तोपवरून आला हे त्यांनीच त्या मुलाला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. निघताना त्याने दोन पेले चहा आणला, मधे बारीक कंबर असलेल्या काचेच्या पेल्यांत, बिन-दुधाचा, लालबुंद. त्याचे पैसे घेतले नाहीत. लॅडरताई, तुम्ही ज्याला इक्राम म्हणताय ते आम्हाला शेवटी मिळालं.

दोन_पोरांची_आई

माझ्या धाकट्याला पिस्ते-बदाम-आक्रोड चालत नाहीत, जिवावर बेततं. तुर्की गोड पदार्थांत पिस्ता सगळीकडे असतो, म्हणून आम्ही या रस्त्यावर बकलाव्याच्या दुकानाबाहेरूनच परत येतो. इथे वेटरला आधीच सांगितलं. ब्रिटनमध्ये चौदा घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, पण बऱ्याच ठिकाणी एक मळका कागद पुढे करतात. या मुलीने आत जाऊन स्वयंपाक्याला विचारलं, परत येऊन गुडघ्यावर बसून माझ्या मुलाशीच बोलली. गोड पदार्थाबद्दल म्हणाली, "क्युनेफेवर पिस्ता नको असं आम्ही करू शकतो, पण ताटली तीच आणि चमचा तोच. तू खाऊ नकोस." आणि त्याच्यासाठी कलिंगड कापून आणलं. नवीन सुरी, नवीन फळी. मी पाहत होते.

सूप आम्हालाही कोमटच मिळालं. पण मी त्या मुलीसाठी परत जाईन.

एन१५

मी त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला राहतो. खाणाऱ्यांनी एवढंही लक्षात घ्या की कोळशाचा धूर रात्री अकरापर्यंत आमच्या खिडक्यांत येतो. मे महिन्यात खिडकी उघडता येत नाही. मालकाला भेटलो, त्याने पंखा बदलून देतो म्हटलंय. महिना झाला. माणूस उद्धट नाही, ऐकून घेतो. पण धूर येतोच आहे, आणि आमच्या घरात दम्याचा रुग्ण आहे.

लॅडरवरची

एन१५, हे मला माहीत नव्हतं. ज्या वासाला मी घर आल्याची खूण म्हटलं, तोच तुम्हाला रोज रात्री सोसावा लागतो. कौन्सिलकडे धुराची तक्रार नोंदवता येते, पण आधी पुन्हा एकदा बोलणार असाल तर मी तुमच्याबरोबर येते. खरंच सांगतेय.

पिंपरीहून

वाचनमात्र होतो. एक शंका : तुर्की म्हणजे शावरमाच ना? आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर झालाय.

तिखटजाळ

शावरमा अरबी देशांतला, पण शब्द तुर्की 'चेविर्मे'वरून गेलाय असं म्हणतात, म्हणजे फिरवणं. तुर्कांचा डोनेर, तोही 'फिरणारा'च. उभ्या सळईवर फिरत भाजायचं. इथल्या या हॉटेलात डोनेर नाहीच, फक्त आडव्या शेगडीवरचं. डोनेरचा राजेशाही प्रकार खायचा तर इस्केंदर. बुर्सा शहराचा. पावाच्या तुकड्यांवर मांसाचे पातळ काप, टोमॅटोचा रस्सा, बाजूला दही, आणि टेबलावर आणून वरून ओततात ते चुरचुरणारं लोणी.

एन४

एक दुरुस्ती सुचवतो. आपण सगळे 'तुर्की' म्हणतोय. मालक कुर्द आहे, तुर्कस्तानातल्या माराशकडचा. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाटीवर तुर्की लिहिलं की लोकांना लगेच कळतं. या रस्त्यावरची अर्धी हॉटेलं अशीच आहेत. आधी सायप्रसचे लोक आले, ग्रीक आणि तुर्की दोन्ही. १९७४ मध्ये तिकडे बेट दुभंगलं आणि इथे मात्र ते एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी दुकानं चालवत राहिले. कुर्द लोक मुख्यतः ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आले. मेनूवरचं भाजलेलं हेल्लिम चीज सायप्रसचं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याला संरक्षण दिलं तेव्हा ग्रीक हल्लुमी आणि तुर्की हेल्लिम ही दोन्ही नावं नोंदवली. एका पानाच्या मेनूत तीन घरांचं जेवण आहे. ते 'अस्सल तुर्की' आहे का असा प्रश्न खाऊगल्लीच्या एका गटात कुणीतरी विचारला होता, म्हणून लिहिलं. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो.

सातारा_ते_साउथगेट

यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं.

उत्तररात्र

क्युनेफेबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी रात्रपाळी करते, नर्स आहे, त्यामुळे साडेदहाला पोचते. तेव्हा गर्दी ओसरलेली असते.

क्युनेफे म्हणजे शेवयांहून बारीक अशा पिठाच्या तारा लोण्यात चोळून, मधे बिनमिठाचं चीज घालून, छोट्या धातूच्या ताटलीत दोन्ही बाजूंनी खरपूस करतात. वरून साखरेचा पाक आणि पिस्त्याचा चुरा. तिथला क्युनेफेवाला ताटली निखाऱ्याच्या कडेला ठेवतो आणि दर थोड्या वेळाने दोन बोटांनी पाव वळसा फिरवतो, कुठेच जास्त लागू नये म्हणून. वीसेक मिनिटं त्याची नजर त्या ताटलीवरून हलत नाही. आणली की लगेच खायची, चीज ताणलं जातंय तोवर.

मी त्याला विचारलं, कुठे शिकलास. म्हणाला, अंताक्या. तुर्कस्तानातल्या हाताय प्रांताची राजधानी, क्युनेफेचं गाव. मग थोडा थांबून म्हणाला, आमच्या गल्लीत आता काही नाही. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तो भाग जमीनदोस्त झाला. काकाचं दुकान होतं तिथे, शिकला तो त्याच दुकानात. मी लातूर जिल्ह्यातली. १९९३ ला मी सात वर्षांची होते. एवढंच मी त्याला सांगितलं, की आमच्याकडेही पहाटेच झाला होता. तो काही बोलला नाही. दुसरा चहा आणून ठेवला.

साडेनऊ पौंड आहे क्युनेफे. मला महाग वाटत नाही.

वुडग्रीनकर

मी वर 'परत जाणार नाही' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो.

भरलं_वांगं

उत्तररात्र, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

एन४

सेवाशुल्काचा मुद्दा राहिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा आहे की टिप आणि सेवाशुल्क पूर्णपणे कामगारांनाच गेलं पाहिजे, मालकाला त्यातून काही कापता येत नाही. बिलावर ऐच्छिक लिहिलं असेल तर काढायलाही सांगता येतं. मी मात्र विचारून घेतो : "हे तुम्हाला मिळतं ना?" इथे 'हो' म्हणाले, आणि वाटणी कशी होते तेही सांगितलं. स्वच्छतेच्या गुणांबद्दलही कुणी विचारेल. शून्य ते पाच असतात, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर कुठल्याही हॉटेलचे बघता येतात. जाण्याआधी बघत चला, या नाही तर कुठल्याही ठिकाणी.

लॅडरवरची

काल दुपारी एन१५ आणि मी जाऊन आलो. दुपारी तीनला हॉटेल रिकामं असतं. मालक शेगडीतली राख काढत होता. धुराचं आधी बोललो. पंख्याचा माणूस दोनदा येऊन गेलाय, धुराड्याची नळी मागच्या भिंतीवर उंच न्यावी लागेल, त्याला जागामालकाची परवानगी हवीय, ते पत्र त्याने दाखवलं. एन१५ यांनी पत्राचा फोटो घेतला. परवानगी येईपर्यंत रात्री दहानंतर नवीन कोळसा चढवणार नाही असं त्याने कबूल केलं. उत्तररात्र, म्हणजे तुम्हाला साडेदहाला कबाब मिळणार नाही, पण क्युनेफे उरलेल्या निखाऱ्यावर होईल म्हणाला.

भाताचं आणि शाकाहारी खुणांचं सांगितलं. त्याने लगेच मेनूचा कागद काढला आणि पेनाने भातापुढे लिहिलं. भाज्यांच्या सळईसाठी शेगडीचा एक कोपरा वेगळा ठेवायला तयार आहे, फक्त आधी फोन करून सांगा म्हणाला. सुपाचं ऐकून त्याचा चेहरा पडला. ते त्याची बहीण सकाळी करते आणि संध्याकाळी दुसरंच कोणी गरम करतं.

मग पाव. कोळसा, तुम्ही लिहिलेलंच तो बोलला, जवळजवळ त्याच शब्दांत. पहिला आठवडा टोपली फुकट ठेवली होती. दोन माणसं एक सूप घेऊन तीन टोपल्या संपवून जायची, आणि दुसऱ्या टेबलावर अख्खी टोपली तशीच राहायची. भाडं, कोकराच्या मटणाचा भाव, विजेचं बिल, सगळं त्याने बोटांवर मोजलं. मी ऐकून घेतलं. आणि तरी म्हटलं, कबाबाच्या किमतीत दोन पौंड वाढवा, पण पहिली टोपली आणि तो कांदा न मागता येऊ द्या. दुसऱ्या टोपलीचे पैसे घ्या, मी आनंदाने देईन. तुम्ही आमच्या पुढ्यात आधी ठेवलंत की मी पाहुणी होते, विकलंत की गिऱ्हाईक. तो बराच वेळ राख चाळत राहिला. म्हणाला, त्याची आईही फोनवर हेच बोलली.

पुढे काय करेल ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

येत्या रविवारी दुपारी एकला शेगडीसमोरच्या सहा खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्यात. मी, नवरा, एन१५ आणि कोळसा नक्की. दोन जागा आहेत. हॅरिंगे ग्रीन लेन्स स्टेशनवर उतरलात तर पुलाखालून दोन मिनिटं.

भरलं_वांगं

आम्ही दोघं येतो, भाज्यांच्या सळईचं तेवढं सांगून ठेवा. लेकही हट्ट धरून बसलीय, तिला तो कांदा खायचाय. सात खुर्च्या होतील का?